गोल कोपऱ्याची वचनं

३ मार्च, सोमवार

वन्संना आज घरी आणलं. आणलं म्हणजे टॅक्सीवाल्याने आणि मी मिळून तीन जिने चढवलं. दर दहा पायऱ्यांवर त्या खुर्चीत बसायच्या, आणि ती खुर्ची वर वर वाहून नेणारी मी. प्रत्येक मजल्यावर म्हणाल्या, "तुला त्रास दिला गं." मी म्हटलं, "त्रास कसला, वन्सं? घरचंच माणूस." बोलायला काय जातं!

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मला हसूच आलं. वन्संचं हृदय मोठं! इतकी वर्षं कुठे दडवून ठेवलं होतं, देव जाणे. मग मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, महिना, फार तर दोन. डोळे तर आधीच गेलेत, नुसता उजेड-अंधार कळतो. त्यांना मूलबाळ नाही, मलाही नाही. त्यांचा एकुलता एक भाऊ म्हणजे हे, आणि ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे उरलं कोण, तर मी.

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की आपल्या या भगिनीने आजारी नणंदेला घरी न्यायचं ठरवलंय. सगळ्यांनी वळून बघितलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे?

४ मार्च

सकाळी चहा पाजला, तोंड पुसलं. म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे वचनपेटी असेलच. एक काढू दे ना. उठल्या उठल्या फार धाकधूक होते बघ."

असेलच काय! मंडळीच्या छापखान्यात एकवीस वर्षं मी पेट्याच भरतेय. हेही तिथलेच, कापण्याच्या यंत्रावर होते. लोक रोज सकाळी पेटीतून न बघता एक कार्ड काढतात आणि त्यावरचं वचन आजच्या दिवसासाठी देवाने आपल्याला दिलं असं मानतात. पेटीत दोनशे कार्डं. दीडशे दिलाशाची, त्यांचे कोपरे गोल. पन्नास इशाऱ्याची, त्यांचे कोपरे तिरके कापलेले. भरताना प्रत्येक कार्ड वाचत बसावं लागू नये, बोटांनाच कळावं, म्हणून ही युक्ती. गिऱ्हाइकाने विचारलं तर आम्ही सांगतो, नक्षी आहे.

वन्संनी हात घालून एक काढलं. गोल कोपऱ्याचं. मेंढपाळाचं वचन, अंधाऱ्या दरीतून जातानाही भिऊ नये असं सांगणारं. ते ऐकून मरणाऱ्याच्याही जिवाला आधार वाटतो. कार्ड माझ्या हातात दिलं आणि खाऊची वाट बघणाऱ्या पोरीसारखं तोंड वर करून बसल्या.

आणि मी वाचलं ते भलतंच. फळ न देणारं झाड तोडून आगीत टाकतात, ते. एकवीस वर्षांत दोनशेच्या दोनशे पाठ झालीत, तोंडाला काय येईल याचा नेम नाही.

वन्संचा चेहरा उतरला. कार्ड परत मागून घेतलं, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. मग दिवसभर ते हातातून सोडलं नाही.

आता दोन्ही वचनं देवाचीच. मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

८ मार्च

रोज तेच चाललंय. त्या गोल काढतात, मी दुसरं वाचते. काल कुऱ्हाडीचं वाचलं, परवा फोलकटाचं. पहिल्या दिवशी जीभ घसरली म्हणता येईल. पाच दिवस कुणाची जीभ घसरत नाही, हे मलाही कळतं.

पण कारण आहे. हे हॉस्पिटलात होते तेव्हा वन्संनीच मला दुपारी घरी धाडलं होतं. "जा, अंघोळ कर, जरा पड. मी आहे." मी गेले. घर तिथून पंधरा मिनिटांवर. साडेपाचला फोन आला की गेले. वन्सं म्हणाल्या, "एकदम झालं गं, फोन करायचीही उसंत मिळाली नाही." आणि तिसऱ्या दिवशी सामान आणायला गेले तर वॉर्डातली आया सहज बोलून गेली, "साहेब दोनपासून बोलत होते की बहिणीशी."

तीन तास! तीन तास नवरा बोलत होता आणि मला बोलावलं नाही. शेवटचा शब्द बायकोचा हक्काचा असतो. तो हिने गिळला आणि वर माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून मी त्यांच्याशी गोडच बोलते. गोड बोलायला मला कुणी शिकवायला नको.

मी कामावर जाते तेव्हा समोरच्या खोलीतली शिंपीणबाई आपली हातशिवण घेऊन वन्संजवळ बसते. चर्चची पायरी ती कधी चढली नाही. अक्षरओळख मापांच्या आकड्यांपुरती. त्यामुळे कार्डाचा काही प्रश्न नाही.

९ मार्च, रविवार

आज फजितीच व्हायची. उपासनेनंतर पाळकसाहेब आणि पाळकबाई भेटायला आले. वन्सं म्हणाल्या, "फार करते हो माझं. रोज वचन वाचून दाखवते, एक दिवस चुकवत नाही." पाळकसाहेब म्हणाले, "वा! आज कुठलं मिळालं?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी वन्संच्या हातातलं कार्ड घेऊन मोठ्याने वाचलं सुद्धा. आई लेकराला कुरवाळते तसं देव सांत्वन करतो, ते. सकाळी त्याच कार्डावरून मी वन्संना सुपाने भुसा उडवण्याचं ऐकवलं होतं.

मी हातातली बशी खाली ठेवली. वन्सं म्हणाल्या, "हो. हेच वाचलं होतं तिने. छान वाचते."

त्यांचं डोकं आता चालत नाही. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, हे बरंच झालं म्हणायचं. पाळकबाई जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखी भावजय सगळ्यांना मिळो."

१३ मार्च

कामात लक्ष नाही. दोन पेट्यांत नुसती इशाऱ्याचीच कार्डं भरली, मॅनेजरने परत आणून आपटली. "बाई, एवढं कोण सोसणार?" म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकावर बसून प्रार्थना केली. स्पष्ट विचारलं, प्रभू, हे पाप आहे का? मी तिला छळतेय का? का तिच्या आत्म्याला जागं करतेय? उत्तरासाठी समोरच्या पेटीतून एक कार्ड काढलं. कापलेला कोपरा. हात घामेजले होते, ते काही धरायचं नाही. पुन्हा काढलं. पुन्हा कापलेला. तिसऱ्यांदा मन शांत करून काढलं, तर गोल. भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, अशा अर्थाचं. डोळ्यांत पाणीच आलं. इतकं हलकं वाटलं! श्रद्धा नसती तर मी ह्यांच्यामागे नऊ वर्षं कशी काढली असती, कोण जाणे.

१८ मार्च

वन्संच्या पायांवर सूज आलीय, आडवं झालं की श्वास लागतो. तीन उश्या लावून बसवते. आज भाताची पेज भरवताना चमच्याला हात लावून म्हणाल्या, "मला माफ कर."

"कशाबद्दल, वन्सं?"

"तुला बोलावलं नाही त्याबद्दल."

नऊ वर्षांनी! मी वाटी खाली ठेवली. "का नाही बोलावलंत?"

"तेवढं विचारू नको. नुसतं माफ कर. मला फार भीती वाटते गं. असं ओझं घेऊन जायला भीती वाटते."

मी म्हटलं, "अर्धी कबुली देवाला चालत नाही. पूर्ण सांगा, मग बघू."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. उरलेली पेज मी ओतून दिली.

२१ मार्च

पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी वन्संनी टेबलावर हात फिरवला. औषधाची बाटली, पाण्याचा ग्लास, कंगवा. पुन्हा बाटली, ग्लास, कंगवा. "पेटी कुठे गं?" मी म्हटलं, "का बोलावलं नाहीत ते सांगा, मग पेटी." वाटलं रडतील. रडल्या नाहीत. "जुनं एखादं कार्ड तरी दे हातात," म्हणाल्या. ते कशाला हवं होतं कोण जाणे! वाचता तर येत नाही. दिलं नाही.

२२ मार्च

आजही नाही. बाटली, ग्लास, कंगवा.

शिंपीणबाई जाताना म्हणाली, "त्यांना काय हवंय ते देऊन टाका हो. एवढासा तर जीव राहिलाय." मी म्हटलं, "तुम्ही आपल्या काजांचं बघा."

२३ मार्च, रविवार

उपासनेहून आले तर वन्संनी आपणहून हाक मारली. "बस. सांगते. तुला सांगायचं नव्हतं, पण देवासमोर खोटं घेऊन जायचा धीर नाही मला."

बोलल्या तसंच उतरवते, म्हणजे नंतर मीच वाढवून लिहिलं असं व्हायला नको.

"दोनला त्याला कळलं, आता संपलं. मी म्हटलं, थांब, तिला बोलावते, पंधरा मिनिटांत येईल. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, ताई, नको. ती आली की उशाशी बसून वाचायला लागेल. मी जन्मभर काय काय चुकलो ते एकेक उकरून काढेल आणि प्रत्येकाला एकेक वचन लावेल. मला तिची भीती वाटते. मला भीत भीत मरायचं नाही. तू नुसती बस. मी बसले. पाचला गेला."

मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"हे तुला कसं सांगणार होते? म्हटलं, माझ्यावरच राग धरेना का. नवऱ्यावर राग धरून बाईमाणसाने उरलेलं आयुष्य कसं काढायचं?" मग दम घेऊन म्हणाल्या, "आणि कार्डांचंही ठाऊक आहे मला. गोल तो दिलासा, कापलेला तो इशारा. तो कामाला नवीन लागला तेव्हा त्यानेच शिकवलं होतं. डोळे मिटून पैजा लावायचो आम्ही. रोज माझ्या हातात गोल यायचा आणि तू भलतंच वाचायचीस."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, निघू दे तुझ्या पोटातलं एकदाचं. आणि वचन माझ्या अंगठ्याखाली होतंच की. तू काहीही वाच, ते कुठे जातंय?"

२३ मार्च, पुन्हा

खोटं. साफ खोटं. चोराच्या उलट्या बोंबा.

ह्यांना माझं वाचन आवडायचं. जेवल्यावर रोज अर्धा तास वाचायचे मी, सत्तावीस वर्षं, आणि हे डोळे मिटून ऐकायचे. मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. कानावर उशी घेऊन झोपायची सवय होती, पण ती दिव्याच्या उजेडामुळे. हॉस्पिटलात गेल्यावर म्हणाले होते, "इथे बरं वाटतं," पण ते पंख्यामुळे. घरचा पंखा आवाज करायचा.

माझी भीती! मी त्यांच्यावर कधी हातसुद्धा उगारला नाही. जे सांगितलं ते वचनातलं सांगितलं.

२४ मार्च

सकाळी वन्संनी विचारलं, "आता केलंस माफ?"

"माफ करणारी मी कोण? देवाकडे मागा."

"देवाकडे मागून झालं. त्याचं आणि माझं मिटलंय. आता तुझ्याकडे मागतेय. कार्ड नको, वचन नको. तुझ्या तोंडचा एक शब्द दे."

मी कपाट उघडलं. पेटीतून एक कार्ड शोधून काढलं. शोधायला काय, बोटांना पाठ आहे. वन्संच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "आज तुमच्यासाठी मीच काढलंय."

अंगठा कडेवरून सरकत कोपऱ्याशी आला आणि थांबला. कापलेला होता.

मग मी वाचलं. ज्यांच्या दिव्यातलं तेल संपलं त्या मुलींचं. उशिरा येऊन दार ठोठावतात आणि मालक आतून म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. या वेळी अक्षरन् अक्षर कार्डावरचंच वाचलं, कुणी ताडून बघावं. आवाज सुद्धा चढवला नाही.

वन्संनी कार्ड मला परत दिलं. त्यानंतर दिवसभरात माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, वाचून झाल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. कामावर गेले, पेट्या भरल्या, आले.

२६ मार्च

वन्सं गेल्या. साडेतीनला छापखान्यात फोन आला.

घरी आले तर शिंपीणबाई पलंगावर त्यांच्याजवळ बसलेली. वन्संचे केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, धुतलेला झगा घातलेला, खिडकी उघडी. चेहरा असा होता, की मी आधी पाय वाजवले, जाग येईल म्हणून.

"कधीपासून झालं हे?"

"बारापासून श्वास लागला होता," शिंपीणबाई म्हणाली.

"बारापासून! मग मला फोन करायला काय झालं होतं? पंधरा मिनिटांवर तर आहे छापखाना!"

"घेतला होता हातात. त्यांनी माझा हात धरला. नको म्हणाल्या."

"का?"

शिंपीणबाईने झग्यावरची सुरकुती सारखी केली. तिला खोटं बोलता येत नाही, ते तिच्या धंद्यातही दिसतं. कापड कमी भरलं तर तोंडावर सांगते. म्हणाली, "तुमची भीती वाटते म्हणाल्या. मला कशात घेऊ नका, बाई. म्हणाल्या तेवढं सांगितलं."

मी विचारलं, "मग तीन तास केलंत काय?"

"काही नाही हो. वेणी घाल म्हणाल्या, घातली. मग हात धरून बसले. घाबऱ्या झाल्या की म्हणायचे, मी आहे ना. मला तुमचं वचन-बिचन कुठलं येतंय? त्यांनीच म्हणून दाखवलं एक, मेंढरांचं काहीतरी. सगळं पाठ होतं. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मीही त्यांच्यामागून म्हटलं, जमेल तसं. मग हसल्या, आणि झालं."

मी तिला जायला सांगितलं. ती जाईना. मला रडायला येत नव्हतं आणि तिला येत होतं, म्हणून तिलाच मी पाणी दिलं.

२८ मार्च

माती दिली. मंडळी बरीच आली होती. पाळकसाहेब म्हणाले, अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या या बहिणीच्या उशाशी वचन होतं आणि ते वाचणारी प्रेमळ भावजय होती. सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हटलं. शिंपीणबाई मागे फाटकाशी उभी होती, तिच्याकडे बघितलं नाही.

पाळकबाईंनी विचारलं, आता आजाऱ्यांच्या भेटीचं काम घ्याल का? तुमच्यासारखा हात हवा. बघते म्हटलं.

४ एप्रिल

छापखान्यात दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, रक्तगट, आणि खाली एक ओळ: गंभीर प्रसंगी कोणाला बोलवावे. हे होते तेव्हा ह्यांचं नाव घालत होते. मग वन्संचं, दात-ओठ खाऊन का होईना, नऊ वर्षं. आज ती ओळ रिकामी ठेवून दिली तर मॅनेजरने फॉर्म परत पाठवला. "बाई, कुणाचं तरी घाला. अगदीच कुणी नाही असं कसं होईल?"

संध्याकाळी शिंपीणबाईकडे गेले. गेल्या आठवड्यात मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, तरी तिने स्टूल पुढे केलं. फॉर्म दाखवला, समजावून सांगितला. माझ्या तोंडून कधी नव्हे ते "कृपा करून" असंही गेलं.

तिने यंत्र थांबवलं. बराच वेळ ओळीकडे बघत राहिली, जणू वाचता येतंय. मग म्हणाली, "माझं नका घालू."

"का हो? वन्संजवळ तर बसलात."

"त्यांच्याजवळ बसवलं. तुमच्याजवळ बसवायचं नाही मला. राग मानू नका." आणि यंत्र सुरू केलं.

घरी येऊन मी पेटी काढली. माझ्यासाठी एक काढावं म्हटलं. झाकण उघडलं, पण हात आत जाईना. बोटांना वाचायच्या आधीच कळतं, ही खोड आहे. झाकण लावलं.

शेवटी पाळकसाहेबांचं नाव लिहिलं. ते बोलावल्यावर नक्की येतील. उशाशी बसतील, वाचतील. फार चांगलं वाचतात, खणखणीत, एक ओळ गाळत नाहीत. त्या नावाकडे बघतेय; खोडावंसं वाटतं, पण त्या जागी लिहायला दुसरं नाव नाही. फॉर्म उद्या द्यायचा आहे.